चढवतानाची चार मिनिटं

दिवसातून चार मिनिटं माझा नवरा माझं ऐकायचा. मी हात वर केला की यायचा, मूठ वळली की थांबायचा, तळवा खाली केला की निमूटपणे मागे जायचा. उरलेल्या तेवीस तास छप्पन्न मिनिटांत तो माझ्यापेक्षा घरातल्या भिंतींचं जास्त ऐकत असेल, पण त्या चार मिनिटांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. नऊ वर्षं ती माझी होती. मग ती माझ्या धाकट्या जावेकडे गेली आणि मी जळायला लागले. जळायला लागले असंच म्हणते, आडून बोलायचा माझा स्वभाव नाही.

चार मिनिटं कसली ते आधी सांगते. आमच्याकडे सहा चाकांची एक गाडी आहे, ती जमिनीवर चालते आणि पाण्यात तरंगते. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, दिसायला थेट न्हाणीघरातला टब, म्हणून घरात तिचं नाव टब. जिथे जीप रुतते आणि होडी अडकते अशा दलदलीत लोकांना कामं करायची असली की ते टब मागवतात, चालवणाऱ्यासकट. चालवणारा माझा नवरा. टबाला रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, त्यामुळे कामाच्या जागेपर्यंत तो आमच्या पिकअपच्या हौद्यात बसून जातो. म्हणजे रोज सकाळी उतरवायचा आणि काम संपलं की पुन्हा चढवायचा.

उतरवणं सोपं असतं. चढवताना मात्र भल्याभल्यांना घाम फुटतो. पिकअपचा मागचा फाळका पाडायचा, त्याला दोन लांब पाट्या लावायच्या आणि चारशे किलोचा टब त्या पाट्यांवरून वर घ्यायचा. पाट्या पट्ट्यांनी पिकअपला आवळलेल्या नसतील तर चाकं त्यांना मागे भिरकावून देतात. त्यात टबाचं वळणं विचित्र. डावीकडे जायचं तर डावीकडची तिन्ही चाकं रोखावी लागतात. सपाटीवर ते ठीक आहे, पाटीवर तसं केलं की टब तिरका होऊन थेट खाली. म्हणून काय सरळ करायचं ते जमिनीवर असतानाच करून घ्यायचं. एकदा पाटीवर चाक ठेवलं की पुढे जायचं, थांबायचं किंवा मागे यायचं, चौथी गोष्ट नाही. आणि नाक वर झालं की चालवणाऱ्याला पाट्या दिसत नाहीत, स्वतःची चाकंही दिसत नाहीत. त्याला दिसतं आभाळ, आणि पिकअपच्या केबिनशेजारी खोक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात. तो हात सांगेल तेच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

तो हात माझा होता. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझा नवरा जेवताना ताटाकडे बघतो, बोलताना खिडकीबाहेर बघतो आणि भांडताना छताकडे. पण पाटीवर चढताना तो माझ्याकडे असा बघायचा, की तसं त्याने मला बघायला आला होता तेव्हाही बघितलं नव्हतं. पापणी लवायची नाही. मी बोट हलवलं की टब हलायचा. लोक फिरायला जातात, फोटो काढतात, आणखी काय काय करतात. आमचं जे काही होतं ते त्या पाटीवर होतं, आणि मला ते पुरायचं.

आता धाकटीबद्दल. माझा दीर बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. धाकटी एका गोदामात कामाला होती, ते बंद पडलं तशी ती आमच्यासोबत यायला लागली. मेहनती आहे, उलटून बोलत नाही, चहा विचारल्याशिवाय स्वतः घेत नाही. खोट काढायला जावं तर सापडत नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच तिची मोठी खोट. पहिलं वर्षभर ती पट्टे आवळायची, पाट्या धुवायची, आणि आमचं बरं चाललं होतं.

मग थंडीत माझा उजवा खांदा धरला. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नवरा म्हणाला, तोवर धाकटी उभी राहील. धाकटी म्हणाली, नुसतं बघून नको, मी रीतसर शिकून येते. आणि खरंच दोन दिवसांचा कोर्स करून आली. गाड्या सुरक्षितपणे कशा चढवाव्या आणि कशा बांधाव्या, याचा म्हणे कोर्स असतो. येताना एक सर्टिफिकेट आणि प्लास्टिक चढवलेली एक यादी घेऊन आली. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी तिला सर्टिफिकेट म्हणायला लागले.

ती यादी तिच्या गळ्यात अडकवलेली असायची. पिकअप सपाटीवर आहे का, हँडब्रेक ओढला का, चाकांना ठोकळे लावले का, पाट्यांचे पट्टे आवळले का, डोक्याला हेल्मेट आहे का, मागे कोणी उभं नाही ना. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने विचारायची, आणि माझा नवरा प्रत्येक ओळीला शहाण्या विद्यार्थ्यासारखा हो म्हणायचा. मी नऊ वर्षं हे सगळं तोंडातून शब्द न काढता केलं होतं. मला कोणी सर्टिफिकेट दिलं नाही, आणि हो तर एकदाही म्हटलं नाही.

सहा आठवडे झाले, खांदा मोकळा झाला. मी नवऱ्यासमोर उभी राहून हात कानाला टेकवून दाखवला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असू दे गं, ती करतेय ना नीट. तू आता जरा आराम कर." खांद्याने दिला नव्हता तेवढा त्रास मला त्या 'आराम' शब्दाने दिला. मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई जेव्हा काही बोलत नाही तेव्हा घरातल्यांनी सावध व्हायला हवं, पण झालं कोणीच नाही.

तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात येऊन गेलं. आठवडाभर मी त्या दोघांवर बारीक नजर ठेवली. तसलं काही नव्हतं. असतं तर सोपं गेलं असतं, कडकडून भांडता तरी आलं असतं. तो तिच्या तोंडाकडे बघायचासुद्धा नाही. तिच्या हाताकडे बघायचा, तसाच, पापणी न लवता. मी बाजूला उभी राहून ते बघायची. खोका माझा, जागा माझी, बघणारा नवराही माझा, आणि हात मात्र तिचा. घरी आल्यावर मी तिला पाणी विचारायची, तिने पाणी घेतलं की भांडं जरा जास्तच जोरात ठेवायची.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. बूच.

टब पाण्यात फिरतो तेव्हा चाकांच्या दांड्यांपाशी थोडंथोडं पाणी आत झिरपतं. ते उपसायला पंप आहे, पण तळाशी दोनतीन बादल्या राहतातच. टबाच्या बुडाला मागच्या अंगाला एक बूच आहे. पाण्यातून बाहेर आलं की चढवण्याआधी ते काढायचं आणि पाणी जाऊ द्यायचं. नाहीतर टब चढणीला लागला की आतलं सगळं पाणी मागे धावतं आणि मागची बाजू जड होते. हे मला पहिल्याच वर्षी कळलं, आणि तेव्हापासून टब बाहेर आला की मी वाकायची, बूच फिरवायची, खिशात टाकायची. सकाळी पाण्यात जायच्या आधी मीच लावायची. नवऱ्याला वाटत असणार, बूच आपोआप निघतं आणि आपोआप बसतं, त्याचे मोजे जसे आपोआप धुतले जातात तसं.

धाकटीच्या यादीत बूच नव्हतं. तो कोर्स साध्या गाड्यांचा, आणि साध्या गाड्या तरंगत नाहीत. खांदा धरला होता तेव्हाही मी डाव्या हाताने बूच काढत होते. तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. एवढी यादी आहे, सर्टिफिकेट आहे, कळेल तिचं तिला, असं मी स्वतःला सांगायची. खरं कारण वेगळं होतं. सगळं तिच्याकडे गेलं होतं, एवढं एक मला माझ्याकडे ठेवायचं होतं.

तर त्या दिवशी काम एका मोठ्या पाणथळ जागेत होतं. विजेच्या तारा ओढणारी माणसं आणि त्यांचं सामान खांबाखांबापर्यंत पोचवायचं होतं. नवऱ्याने सकाळपासून सात तास फेऱ्या मारल्या. दुपारनंतर पंपाच्या जाळीत शेवाळ अडकलं आणि पंप नुसताच घुरघुरायला लागला. नवरा म्हणाला, घरी गेल्यावर बघू. शेवटची फेरी करून टब काठावर आला तेव्हा तो नेहमीपेक्षा खाली बसलेला होता. मला ते दिसलं. त्यात पिकअप बांधावरच्या कच्च्या रस्त्यावर उभी, पाट्यांची टोकं खाली उतारावर टेकलेली, म्हणजे चढण रोजच्यापेक्षा उभी. धाकटीने यादीवर बोट ठेवून सांगितलं, दादा, पिकअप सपाटीवर घ्यायला हवी. पुढे तारवाल्यांचा ट्रक उभा होता आणि त्यांचा ड्रायव्हर कुठे गेला होता कोण जाणे. नवरा म्हणाला, चालतंय, रोजचंच आहे.

मी नेहमीसारखी टबाच्या मागे निघाले. खाली वाकणार, एवढ्यात तारवाल्यांचा सुपरवायझर आला. त्याला गप्पा हव्या होत्या. त्याने धाकटीच्या गळ्यातली यादी वाचली, वा वा म्हणाला, आणि नवऱ्याला विचारलं की एवढं धूड वर चढवताना भीती नाही वाटत का. आणि माझा नवरा, जो परक्या माणसाशी कामापलीकडे दोन शब्द बोलत नाही, तो हेल्मेटचा पट्टा लावत, धाकटीकडे मान करून म्हणाला, "पूर्वी वाटायची. ही उभी राहायला लागल्यापासून नाही वाटत."

मी टबाच्या मागे अर्धवट वाकलेली होते. पूर्वी वाटायची. म्हणजे नऊ वर्षं. म्हणजे तो माझ्याकडे जे पापणी न लवता बघायचा, ती भीती होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सरळ उभी राहिले. बुचाला हातही लावला नाही. दहा पावलं बाजूला जाऊन पाट्यांच्या डाव्या अंगाला, जरा मागे, एका खांबाशी उभी राहिले आणि हाताची घडी घातली.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते जसंच्या तसं सांगते. टबाला चढायला जड जाईल, अर्ध्यावरून खाली घ्यावा लागेल. नवरा विचारेल काय झालं. धाकटी यादीवर बोट फिरवेल आणि तिला काही सापडणार नाही. मग मी जाईन आणि सुपरवायझरच्या देखत बूच काढेन. एवढंच. नवऱ्याला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. पण काय काय होऊ शकतं याचा विचारही मी मुद्दाम पुढे जाऊ दिला नाही, हेही खरं.

धाकटी खोक्यावर चढली. यादी वाचून झाली, सगळ्याला हो म्हणून झालं. तिने एकदा इकडेतिकडे बघितलं, मग हात वर केला आणि नवऱ्याला बोलावलं.

पुढची चाकं पाटीवर आली, मग मधली. आणि मला टबाच्या पोटातून पाणी सरकल्याचा आवाज आला, एखादं पिंप आडवं करावं तसा. टब मागे बसला. इंजिनाचा आवाज जड झाला. मी बाजूला होते म्हणून मला जे दिसलं ते खोक्यावरून समोरून दिसणं शक्य नव्हतं. पुढची चाकं पाटीवरून उचलली गेली होती. आधी दोन बोटं, मग वीतभर. चाकं आणि पाटी यांच्या मधून मला पलीकडचं गवत दिसलं. नवऱ्याला आभाळच दिसत असणार. आणि मला माझा नवरा माहीत आहे, इंजिन जड वाटलं की तो जोर देतो. त्याने आता जोर दिला असता तर टब मागे उलटून त्याच्या अंगावर आला असता, चारशे किलो आणि वर पाणी.

माझा हात वर गेला. मूठ वळलेली. ओरडून उपयोग नव्हता, इंजिनाच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये त्याला काही ऐकू गेलं नसतं. हात वर केल्यावर माझ्या लक्षात आलं की तो हात बघणारं कोणीच नाही. नवऱ्याची पाठ माझ्याकडे, नजर धाकटीवर. नऊ वर्षांत कधी नव्हतं एवढं आज मला त्याने माझं ऐकायला हवं होतं, आणि मी त्याच्या मागे उभी होते.

खोक्यावर धाकटीची मूठ वळली.

तो थांबला. पुढची चाकं जरा वेळ तशीच अधांतरी राहिली, मग सावकाश पाटीला टेकली. धाकटीचे डोळे माझ्यावर होते. 'का?' असं विचारायला तिने मान उडवली नाही, भुवई वर केली नाही. मी मूठ सोडली, तळवा खाली केला आणि हळूहळू दाबला. तिनेही तळवा खाली केला आणि हळूहळू दाबला. टब बोटभर मागे आला. माझा हात थांबला, तिचा थांबला, टब थांबला. पुन्हा बोटभर. एकदा टब डावीकडे लचकला तेव्हा माझी मूठ वळायच्या आत तिची वळली होती, की दोघींची एकदमच वळली, सांगता येणार नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पण सगळी चाकं मातीला लागली तेव्हा माझ्या बऱ्या झालेल्या खांद्यातून कळा येत होत्या.

नवऱ्याने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. टब उचलला गेला हे त्याला बसल्या जागी कळलं होतंच. तो धाकटीला म्हणाला, बरं झालं वेळेवर थांबवलंस. ती खोक्यावरून उतरत म्हणाली, मी नाही, ताईंनी थांबवलं. तेव्हा तो मागे वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी गेले, वाकले आणि बूच फिरवलं. पाणी धारेने आलं, माझ्या बुटांवरून वाहिलं, आणि येतच राहिलं. आम्ही तिघं बघत उभे होतो आणि ते थांबायचं नाव घेईना. दोनतीन बादल्या नव्हत्या, दहाबारा तरी असतील.

नवऱ्याने विचारलं, हे काढायचं कोणाकडे असतं. धाकटीने यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. अगदी मला हवं होतं तसं. मग म्हणाली, यादीत नाहीये दादा, पण मी विचारून घ्यायला हवं होतं, माझंच चुकलं. सुपरवायझरसुद्धा जवळ आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून आज वाचलं सगळं." मला फक्त गप्प बसायचं होतं. जे जे मला हवं होतं ते सगळं समोर वाढून ठेवलेलं होतं, आणि खोका आपणहून परत येणार होता.

आणि मी गप्प बसलेही असते. एवढी काही मी देवमाणूस नाही. पण धाकटी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं कोड्यात पडल्यासारखं म्हणाली, "ताई, मी रोज चढवायच्या आधी तुमच्याकडे बघते. यादी झाली तरी मला खात्री नसते. तुम्ही शांत उभ्या असलात की मी दादांना बोलावते. आज पण तुम्ही शांत उभ्या होतात."

इतके दिवस मी त्या दोघांवर नजर ठेवून होते. तो तिच्याकडे किती वेळ बघतो, कसा बघतो. ती कोणाकडे बघते हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी जळत उभी असायची, आणि तिला ते शांत उभं राहणं वाटायचं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "बूच मीच काढते, रोज. आज काढलं नाही. मुद्दाम."

सुपरवायझरला अचानक त्याच्या माणसांकडे काहीतरी काम निघालं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याने का म्हणून विचारलं, आणि मीही खरं तेच सांगितलं, कारण आता खोटं बोलून काय वाचणार होतं. म्हटलं, तू तिच्याकडे बघतोस म्हणून. नऊ वर्षं माझ्याकडे बघायचास.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो रागावला नाही, थकल्यासारखा टबाच्या काठावर टेकला आणि म्हणाला, "अगं, मी हात बघतो. वरून उन्हात माणूस दिसत पण नाही. कोणाचाही असला तरी हातच बघतो."

पाणी संपत आलं होतं. आता नुसतं ठिबकत होतं. माझी चार मिनिटं, म्हणजे तसं बघितलं तर, कधी माझी नव्हतीच. त्या वेळी मला रडू आलं नाही, लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही स्वतःचा राग जास्त आला. बाईने जळावं तर निदान असलेल्या गोष्टीवर तरी जळावं.

धाकटीने पेन काढलं. प्लास्टिकवर पेन उठेना, तेव्हा तिने यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलं, बूच. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आणखी काही आहे का ताई, जे फक्त तुम्हाला माहीत आहे?"

होतं. बरंच होतं. सांगितलं. पाट्या ओल्या असल्या की आधी त्यांच्यावर पोतं घासायचं. मागच्या कप्प्यात दोर आणि नांगर असेल तर ते चढवायच्या आधी पुढच्या सीटवर आणायचं. डाव्या बाजूचा ब्रेक भिजला की उशिरा धरतो, तेव्हा टब जरा डावीकडे लावूनच सुरुवात करायची. नवरा दमलेला असला की त्याचा उजवा पाय जड होतो, त्या दिवशी हात जास्त सावकाश हलवायचा. ती एकेक लिहीत होती, मधेच मला थांबवून परत विचारत होती. नवऱ्याबद्दलचं तेही तिने लिहून घेतलं, आणि तो बाजूला उभा राहून ऐकत होता. आठवून आठवून मी सगळं सांगितलं. बूच तेवढं माझ्या हातात राहिलं होतं. तिने हात पुढे केला, मी दिलं, तिने ते स्वतःच्या खिशात टाकलं.

तोवर तारवाल्यांचा ड्रायव्हर सापडला होता, ट्रक पुढे गेला. पिकअप सपाटीवर घेतली, पाट्या पुन्हा लावल्या. मला वाटलं, नवरा म्हणेल, आता तू उभी राहा. किंवा उभी राहू नकोस असं तरी म्हणेल. तो नुसता हेल्मेट घालून बसला. धाकटी टबाच्या मागे गेली, खाली वाकली, भोकात बोट घालून बघितलं, मागच्या कप्प्यात हात घालून बघितलं. मग पाट्यांवर पोतं फिरवलं आणि खोक्यावर चढली.

मी पुन्हा त्या खांबाशी जाऊन उभी होते. तिने यादी आधी सुलटी वाचली, मग उलटी. आता ती माझ्याकडे बघेल म्हणून मी मान थोडी वर केली, होकार द्यायला तयार होऊन. आयुष्यात कोणाच्या नजरेची मी एवढी वाट बघितली नसेल. तिने पाट्यांकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं. आणि हात वर करून त्याला बोलावलं.